खारा वारा आणि जुन्या गाडीचं पासिंग

जुन्या फियाटचं मॅट उचललं की खाली पत्रा दिसायला हवा. रत्नागिरी-मालवणकडच्या गाडीत कधी कधी थेट अंगणातली तांबडी माती दिसते. इंजिन मात्र पहिल्याच स्टार्टरला लागलेलं असतं, त्यामुळे मालकाला कळत नाही की एवढी चालती गाडी पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला, अडते कशी.

याचं मूळ थोडं कायद्यात आहे. 1939 च्या मोटार कायद्याने योग्यता प्रमाणपत्राची सक्ती केली ती प्रवासी आणि मालवाहू गाड्यांना. खासगी मोटार त्यातून सुटली. 1988 च्या कायद्याने तिच्या नोंदणीला 15 वर्षांची मुदत घातली आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. टेम्पोवाल्याला पासिंगचा धाक कायम. घरची गाडी मात्र आरटीओच्या आवारात पहिल्यांदा तपासायला जाते तोवर तिने पंधरा पावसाळे काढलेले असतात. घाटावर ते एक वेळ चालून जातं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उरलेले महिने खारा वारा, आणि दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीत चढता-उतरता चाकाखाली खाडीचं पाणी.

फियाट 1100 आणि अॅम्बेसेडर, दोन्हींना वेगळी चेसिस नाही; बॉडीचा पत्रा हाच गाडीचा कणा. दाराखालचा पोकळ पट्टा आणि जॅक लावायची जागा सर्वांत आधी जाते, कारण दारात शिरलेलं पाणी निघून जायची भोकं मातीने बुजतात आणि गंज आतून बाहेर येतो. वरून रंग चकचकीत. मग टिंकर, म्हणजे पत्र्याचं काम करणारा कारागीर, भोकांत लांबी (पुट्टी) भरतो. जाणता तपासनीस स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघतो: पत्रा खणखणतो, लांबी बद्द वाजते. लोहचुंबक लावलं तर प्रश्नच मिटतो. नूतनीकरणाच्या अर्जावर चेसिस नंबरचा पेन्सिलने छाप घ्यावा लागतो. तिथेच गंजाची खपली धरलेली असेल तर कागदावर नुसता काळा डाग उमटतो आणि गोष्ट पत्र्यावरून गाडीच्या ओळख पटण्यावर जाते.

ब्रेकचं दुखणं वेगळं. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषतं. गाडी गणपतीला आणि मे महिन्यात बाहेर निघणार, एरवी पडवीत. मधल्या काळात व्हील सिलिंडर, म्हणजे चाकातला ब्रेक दाबणारा भाग, आतून गंजून अडकतो आणि ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढते. या गाड्या आल्या तेव्हा चारही चाकांना एकच ब्रेक लाइन असे. एक नळी कुजली की पेडल तळाला.

जिपांचा हँडब्रेक तर जुनी डोकेदुखी. विलिस घराण्याच्या जिपेत तो चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) मागे शाफ्टवर असतो. तिथलं सील गळलं की तेल थेट लायनरवर, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या अस्तरावर. चढावर उभी केलेली जीप मागच्या चाकाला दगड लावून ठेवायची सवय कोकणात आहे, ती उगाच नाही.

दिवे मंद लागतात त्यात बहुतेकदा बल्बचा दोष नसतो, गंजलेल्या अर्थिंगचा असतो. पीयूसीचं, म्हणजे धुराच्या तपासणीचं, म्हणाल तर जुन्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइड 3 टक्के आणि हायड्रोकार्बन 1500 पीपीएम ही मर्यादा आहे. ती तशी सैल आहे. चांगला कारागीर कार्ब्युरेटरच्या स्क्रूवर तेवढं सांभाळून देतो.

जुलै 2021 मध्ये केंद्राने 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, पुढे नूतनीकरणाला 5,000. रस्त्यावर काढायची ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं किंवा दुरुस्ती एवढ्यासाठीच. याच फियाटचं ‘पद्मिनी’ हे नाव 1974 चं, म्हणजे तिच्या पहिल्या गाड्या आत्ता कुठे या वयाला आल्या. पण त्याच नियमात अट आहे की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार चालणार नाही. मुंबईच्या बंद गॅरेजातल्या गाडीला ती जमते. समुद्रकाठच्या गाडीत मात्र पासिंगसाठी नवा पत्रा किती घालायचा आणि मूळपणासाठी जुना किती ठेवायचा, हे टिंकरच्या शेडमध्येच ठरवावं लागतं. शहाणा मालक गॅस वेल्डिंग पेटायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढून ठेवतो.