वाढत्या शहरातले नवे आणि जुने रहिवासी

वाढत्या शहरात बाहेरचे लोक राहायला येतात तेव्हा शहर तर बदलतंच, पण तिथे आधीपासून राहणाऱ्यांचं रोजचं जगणंही बदलतं, भाडं बदलतं, शेजार बदलतो, पोरांची बोली बदलते, निवडणुकीतली गणितं बदलतात. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, भाषाशास्त्र असे बरेच विषय ह्याचा आपापल्या बाजूने अभ्यास करतात. बोलताना आपण सरळ दोन गट पाडतो, जुने आणि नवे, आणि सगळी ओढाताण ह्या दोघांतच आहे असं धरून चालतो. पण अभ्यास वाचत गेलं की दिसतं, खरी रेघ बऱ्याचदा तिथे नसतेच, ती स्वतःचं घर असलेले आणि भाड्याने राहणारे यांच्यामध्ये असते आणि ती जुन्यांच्या मधूनच जाते.

शहर वाढतं म्हणजे काय होतं

शहराची लोकसंख्या तीन वाटांनी वाढते. मृत्यूंपेक्षा जन्म जास्त होतात, हद्द वाढवून शेजारची गावं आत घेतली जातात, आणि लोक बाहेरून येतात. पहिल्या दोन वाटा कुणाच्या डोळ्यावर येत नाहीत, पण गर्दी झाली, पाणी कमी पडलं, ट्रॅफिक तुंबलं की बोट तिसऱ्याकडेच जातं, कारण नवा माणूस समोर दिसतो. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अंदाजानुसार तेव्हा जगातले ५५ टक्के लोक शहरी भागात राहत होते आणि २०५० पर्यंत हे प्रमाण ६८ टक्क्यांवर जाईल, म्हणजे हा विषय संपणारा नाही.

येणारे सगळे लांबूनच येतात हाही एक गैरसमज. भूगोलतज्ज्ञ रेव्हनस्टाइन यांनी १८८५ मध्ये ब्रिटनच्या जनगणनेवरून दाखवलं की बहुतेक लोक जवळच्या जवळच हलतात, शहरालगतचे लोक शहरात शिरतात, त्यांची रिकामी झालेली जागा आणखी लांबचे भरतात, आणि येणाऱ्या प्रत्येक लोंढ्याला एक उलटा, परत जाणारा प्रवाहही असतो. हा उलटा प्रवाह कुणी मोजत बसत नाही, त्यामुळे आलेले सगळे कायमचेच आले असं वाटत राहतं.

वेगाचं उदाहरण द्यायचं तर शिकागो. १८४० मध्ये तिथे साडेचार हजारच्या आसपास लोक होते आणि १८९० मध्ये ११ लाखांच्या घरात, आणि त्यातले तीन चतुर्थांशाहून जास्त लोक एकतर परदेशात जन्मलेले किंवा अशांची मुलं. अशा शहरात जुना म्हणायचं तरी कुणाला? पुढे तिथल्याच विद्यापीठातले रॉबर्ट पार्क आणि अर्नेस्ट बर्जेस यांनी १९२५ च्या सुमाराला शहराचा वर्तुळांचा नकाशा मांडला, मध्यभागालगत नवे येणारे स्वस्तात राहतात, जम बसला की बाहेरच्या वर्तुळात सरकतात आणि त्यांच्या जागी पुढचे नवे येतात. मांडणी सुटसुटीत आहे, पण तिच्यात सगळं आपोआप घडल्यासारखं दिसतं. कर्ज कुणाला मिळालं, घर कुणाला नाकारलं, हे ठरवणारी माणसं त्या नकाशात दिसत नाहीत, ही तिची मोठी उणीव.

पगार आणि भाडं

सगळ्यात जास्त वाद होतो तो नोकऱ्यांवरून, नवे आले की जुन्यांचे पगार पडतात का? ह्यावर सगळ्यात जास्त चर्चा झालेला प्रसंग मायामीचा. १९८० मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर ह्या काळात क्यूबाच्या मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख लोक बोटींनी अमेरिकेत आले, त्यातले निम्म्याच्या आसपास मायामीतच राहिले आणि शहरातली कामगारांची संख्या काही महिन्यांत साधारण ७ टक्क्यांनी वाढली. डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये मायामीची इतर शहरांशी तुलना केली तर पगारांवर आणि बेकारीवर जवळजवळ काहीच परिणाम दिसला नाही (कार्ड यांना २०२१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं). जॉर्ज बोर्हास यांनी नंतर तेच आकडे पुन्हा तपासून सांगितलं की शालेय शिक्षण पूर्ण न झालेल्या पुरुषांचे पगार चांगलेच पडले होते, त्यावर परत इतरांनी आक्षेप घेतले, आणि हा वाद अजून मिटलेला नाही.

पण त्याच प्रसंगाची दुसरी बाजू फार कमी लोकांना माहीत असते. अल्बर्ट साइझ यांनी २००३ मध्ये मायामीतली भाडी तपासली, आणि १९७९ ते १९८१ ह्या काळात तिथली भाडी तुलनेच्या शहरांपेक्षा ८ ते ११ टक्के जास्त वाढलेली निघाली. पगारावर इतका वाद आणि भाड्यावर एवढा स्पष्ट परिणाम, असं का? कारण नवा माणूस नुसता काम मागत नाही, तो कपडे घेतो, केस कापतो, दवाखान्यात जातो, म्हणजे तो कामं तयारही करतो, आणि हे लगेच सुरू होतं. घर मात्र लगेच तयार होत नाही. जमीन, परवानगी, बांधकाम यात वर्षं जातात, आणि तोवर असलेल्याच घरांसाठी जास्त माणसं रांगेत. साइझ यांच्याच २००७ च्या अभ्यासात असं दिसलं की अमेरिकेतल्या शहरांत लोकसंख्येच्या १ टक्का एवढे परदेशी लोक आले की सरासरी भाडी आणि घरांच्या किमती साधारण १ टक्क्याने वाढतात.

आता ही वाढ कुणाच्या पदरात पडते आणि कुणाच्या खिशातून जाते ते बघा. ज्याचं स्वतःचं घर आहे त्याची मालमत्ता बसल्या जागी वाढली, भले तो गर्दीबद्दल दिवसभर कुरकुर करत असेल. ज्याचं नाही, तो तितकाच जुना असला, त्याचा बापही तिथेच जन्मलेला असला तरी, त्याला दर वेळी करार संपला की धडकी भरते.

पगाराच्या बाबतीतही धक्का बसलाच तर तो सगळ्यांना सारखा बसत नाही. विसाव्या शतकात साधारण ६० लाख कृष्णवर्णीय अमेरिकन दक्षिणेकडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेले, त्यावर लिया बूस्टन यांनी सविस्तर काम केलंय. त्यांचं म्हणणं असं की नव्यांची स्पर्धा मुख्यतः झाली ती तिथे आधीच येऊन राहिलेल्या कृष्णवर्णीय कामगारांशीच, कारण दोघांना मिळणारी कामं तीच होती आणि बाकीची दारं दोघांनाही बंद होती. कालचा नवा आज येणाऱ्याकडे काळजीने बघतो त्यात मनाच्या कोतेपणापेक्षा हा हिशोब जास्त असतो. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा आणखी बोलका आहे, एक कृष्णवर्णीय माणूस शहरात आला की सरासरी २.७ गोरे लोक शहर सोडून उपनगरात गेले. म्हणजे जुने लोक दर वेळी हुसकावलेच जातात असं नाही, कधीकधी ते पैसे आणि कर घेऊन स्वतः निघून जातात आणि मागे राहिलेल्या शहराची तिजोरी हलकी होते.

श्रीमंत नवे आले तर

वरची उदाहरणं गरिबांच्या येण्याची होती. उलटंही होतं. १९६४ मध्ये रूथ ग्लास यांनी लंडनमधल्या कामगारवस्त्यांबद्दल लिहिलं, की मध्यमवर्गीय लोक तिथली जुनी घरं घेऊन दुरुस्त करतायत आणि बघता बघता मूळचे बहुतेक सगळे कामगार बाहेर जातात. तेव्हापासून ह्या प्रकाराला जेंट्रिफिकेशन म्हणतात. १९७९ मध्ये नील स्मिथ यांनी बोट ठेवलं ते पैशावर, जागेचं सध्या मिळणारं भाडं आणि तिथे मिळू शकणारं भाडं यात मोठी दरी पडली की आधी भांडवल येतं, आवडीनिवडीचा प्रश्न नंतरचा.

मग जुने लगेच निघून जातात का? लान्स फ्रीमन आणि फ्रँक ब्रॅकोनी यांनी २००४ मध्ये न्यूयॉर्कचे आकडे काढले तर अशा बदलत्या भागांतले गरीब रहिवासी इतर भागांतल्या गरिबांपेक्षा कमी वेळा घर सोडत होते. हे वाचून कुणी म्हणेल मग प्रश्नच नाही. पण राहिलेत म्हणजे सुखात राहिलेत असं नाही. मालक सांगतो पुढच्या करारापासून भाडं वाढणार, घरातले बसून हिशोब करतात, मुलीची शाळा मध्येच बदलायची नाही आणि आईचा दवाखाना इथेच आहे म्हणून हो म्हणतात, आणि मग ते पैसे औषधं, प्रवास, शिकवणी यातून कापले जातात. आकडेवारीत हे कुटुंब 'स्थलांतर नाही' ह्या रकान्यात जातं. पीटर मार्क्यूस यांनी १९८५ मध्ये हेच सांगून ठेवलं होतं, की हुसकावण्याचे प्रकार अनेक आहेत, ओळखीचे शेजारी आणि दुकानं जाऊन राहणं कठीण होणं हाही एक आणि जी कुटुंबं पूर्वी तिथे घर घेऊ शकली असती त्यांना आता तो भागच बंद होणं हाही एक. माझ्या मते हे शेवटचं सगळ्यात गंभीर आहे, कारण ते कुणालाच दिसत नाही, न आलेल्या माणसाची नोंद कुठेच होत नाही.

जुनेच मालक होतात तेव्हा

चीनमधल्या शेन्झेनची गोष्ट ह्याच्या बरोबर उलट आहे. १९८० मध्ये तिथे विशेष आर्थिक क्षेत्र झालं तेव्हा सगळ्या परिसरात मिळून काही लाख लोक होते, २०२० च्या जनगणनेत १ कोटी ७५ लाखांच्या वर. शेती गेली पण गावठाणातल्या घरांच्या जागा गावकऱ्यांकडे राहिल्या, आणि त्यांनी त्या जागांवर मजल्यावर मजले चढवून खोल्या भाड्याने दिल्या. इमारती इतक्या खेटून की समोरासमोरच्या खिडक्यांतून हात मिळवता येतील. कारखान्यांत आणि दुकानांत राबणाऱ्या लाखो लोकांना परवडणारं छप्पर मिळालं ते ह्याच गावांत, आणि पूर्वीचे शेतकरी घरमालक झाले. बाइशिझोउ नावाच्या अशाच एका गावात मूळचे गावकरी दोनेक हजार आणि राहणारे लाखाच्या वर. २०१९ मध्ये पुनर्विकासासाठी भाडेकरूंना घरं सोडावी लागली तेव्हा मोबदला मूळ गावकऱ्यांना होता, भाडेकरूंना मात्र मुलांच्या शाळेसकट सगळं पुन्हा शोधायची वेळ आली. शहराचा अधिकृत रहिवासी म्हणून नोंद नसेल तर शाळा आणि उपचार यातही अडचणी येतात, आणि शेन्झेनमध्ये अशी नोंद नसलेलेच जास्त आहेत.

नव्यांच्या येण्याचे फायदे मोजताना आपण कंजूषपणा करतो असं मला वाटतं. पटसंख्येअभावी बंद पडायला आलेली शाळा टिकते, तासाने येणारी बस दहा मिनिटांनी यायला लागते, एखाद्या दुर्मिळ आजाराचा डॉक्टर गावात बसायला लागतो कारण आता त्याला पुरेसे पेशंट आहेत. ह्या गोष्टी जुन्यांनाही मिळतात.

आपला कोण, उपरा कोण

नॉर्बर्ट एलियास आणि जॉन स्कॉटसन यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या लेस्टरजवळच्या एका वस्तीचा अभ्यास केला (१९६५ मध्ये तो छापून आला). तिथे दोन कामगार मोहल्ले होते. वंश एकच, भाषा एकच, पगार आणि कामंही साधारण सारखीच, फरक एवढाच की एका मोहल्ल्यातली घराणी दोन-तीन पिढ्या तिथे होती आणि दुसरे नंतर आलेले. तरी जुने नव्यांशी बोलायचे टाळत, त्यांना अस्वच्छ आणि बेशिस्त समजत. हे टिकायचं कशावर, तर गप्पांवर. नव्यांतल्या दोन-चार वांड कुटुंबांवरून सगळ्यांना नाव ठेवायचं, आणि आपल्यातल्या सगळ्यात चांगल्या दोन-चार घरांवरून स्वतःला जोखायचं. आणि हे जमायचं कारण जुने एकमेकांना ओळखत होते, क्लब, चर्च, कमिट्या त्यांच्या हातात होत्या, नवे मात्र आपापसातही अनोळखी. हा अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण धर्म, रंग, भाषा हे सगळे फरक बाजूला काढले तरी निव्वळ आधी येण्यातून सत्ता तयार होते हे त्यात उघड दिसतं.

जुन्यांच्या मनातली रुखरुख मात्र खोटी नसते. पत्ता सांगताना ते पाडलेल्या थिएटरची, बुजवलेल्या विहिरीची खूण सांगतात, समोरचा फोनवर नकाशा उघडतो, आणि दोघं एकाच रस्त्यावर उभे असून एकमेकांना पत्ता समजावू शकत नाहीत. ह्याची भरपाई घराच्या वाढलेल्या किमतीत होत नाही.

भाषेचं काय होतं ह्यावर इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स ह्या शहराचं उदाहरण प्रसिद्ध आहे. १९६७ मध्ये हे नवं शहर म्हणून जाहीर झालं आणि इंग्लंडच्या वेगवेगळ्या भागांतून लोक आले. पॉल कर्सविल आणि अॅन विल्यम्स यांनी १९९० च्या दशकात तिथल्या ४, ८ आणि १२ वर्षांच्या मुलांचं बोलणं तपासलं. चार वर्षांची मुलं बरीचशी आईवडिलांसारखी बोलत होती, मोठी मुलं मात्र एकमेकांसारखी, आणि हे बोलणं आईवडिलांचंही नव्हतं आणि त्या भागातल्या म्हाताऱ्यांचंही नव्हतं.

मताचा हक्क

नवा माणूस कर भरतो, पण शहराच्या कारभारात त्याचं मत कधी धरायचं ह्याची उत्तरं देशोदेशी वेगळी आहेत. देशातल्या देशात हलणाऱ्याला बहुतेक ठिकाणी मतदार यादीत नाव बदलून घेता येतं, फक्त ते करायचं राहून जातं आणि नगरसेवकाला त्या वस्तीची फिकीर राहत नाही. परदेशातून आलेल्यांसाठी स्वीडनने १९७५ मध्ये कायदा करून तीन वर्षं राहिलेल्यांना स्थानिक निवडणुकीत मताचा हक्क दिला आणि १९७६ मध्ये त्यांनी पहिल्यांदा मतदान केलं. न्यूझीलंडने तर १९७५ पासून कायम राहायची परवानगी असलेल्या, एक वर्ष राहिलेल्या परदेशी लोकांना संसदेच्या निवडणुकीतही मताचा हक्क दिलाय.