ठोके बाहुलीला, भीती आपली

दादरच्या एका लहानशा सभागृहात शनिवारी दुपारी वीस-पंचवीस जणी दोन बोटांनी भुवईच्या टोकावर, डोळ्याखाली, हनुवटीवर आणि गळ्याखालच्या हाडावर हलके ठोके देत होत्या आणि प्रत्येक जागी एकच वाक्य पुटपुटत होत्या: ‘भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे.’ रिक्षांच्या पाठीवर आपण रोज वाचतो ते स्वामी समर्थांचे वचन येथे बालपणीच्या अत्याचारांच्या आठवणींवर उतारा म्हणून वापरले जात होते. माझ्या शेजारच्या बाईंची बोटे डोळ्याखालीच थबकली. ‘तेव्हा कुठे होते?’ एवढेच त्या म्हणाल्या, आणि पुन्हा ठोके देऊ लागल्या.

‘टॅपिंग’ नावाच्या या पद्धतीचे मूळ अमेरिकेत आहे. १९८० च्या सुमारास रॉजर कॅलहान या मानसशास्त्रज्ञाने ती मांडली आणि पुढे गॅरी क्रेग यांनी ती सोपी करून लोकप्रिय केली. ‘मला हा त्रास असला तरी मी स्वतःला मनापासून स्वीकारतो’ हे क्रेग यांचे मूळ वाक्य. श्रद्धावंतांनी त्या जागी कोठे बायबलमधील वचने घातली, कोठे नामस्मरण. ठोक्यांनी शरीरातील ऊर्जावाहिन्या मोकळ्या होतात, असा दावा केला जातो.

हा दावा तपासणारा एक मासलेवाईक प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅनडातील ११९ विद्यार्थ्यांपैकी काहींनी सांगितलेल्या बिंदूंवर ठोके दिले, काहींनी हातावरच्या भलत्याच जागी, तर काहींनी चक्क बाहुलीवर. या तिन्ही गटांची भीती कमी झाली. ज्यांनी ठोके दिलेच नाहीत त्यांची मात्र लक्षणीय कमी झाली नाही. बाहुलीला ऊर्जावाहिन्या नसतात. तेव्हा गुण आला तो बिंदूंचा नव्हे, असे मानणे भाग आहे. भीतीचा विषय मनात धरून ठेवणे, त्याच वेळी लक्षाचा काही भाग बोटांकडे वळणे आणि सांगणाऱ्यावरचा भरवसा, यांचा तो परिणाम असावा, असे मला वाटते.

श्रद्धेचा प्रश्न याहून नाजूक आहे. केनेथ पार्गामेंट या मानसशास्त्रज्ञाने श्रद्धेच्या आधाराचे दोन प्रकार दाखवले: देव सोबत आहे ही भावना सहसा मनाला सावरते, तर देवाने टाकले किंवा शिक्षा दिली ही भावना अधिक नैराश्याशी निगडित असते. अत्याचार करणारा घरातलाच, देवघरात रोज दिवा लावणारा असेल, तर तेच वचन जखमेवरची खपलीही काढू शकते. ‘क्षमा कर’ असा आग्रह तर, माझ्या मते, पीडितेला दुसऱ्यांदा गप्प करणे होय. मुळात असे सोसणाऱ्यांची संख्या थोडी नाही: केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे लैंगिक शोषण झाल्याचे सांगितले होते.

आघातोत्तर तणावासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये शिफारस केली ती आघातकेंद्रित बोधात्मक वर्तनोपचाराची, म्हणजे आघाताशी जोडलेले विचार आणि वागणे बदलण्यास शिकवणाऱ्या उपचाराची, आणि डोळ्यांच्या हालचालींवर आधारित उपचारपद्धतीची. ज्यांना ठोक्यांनी रात्री झोप लागते त्यांनी ते खुशाल द्यावेत; मात्र जुनी आठवण उकरून काढताना समोर प्रशिक्षित माणूस हवा. के.ई.एम., नायर आणि शीव या महापालिकेच्या रुग्णालयांत केस पेपर काढून मानसोपचार विभागात दाखवता येते, आणि १४४१६ या सरकारी क्रमांकावर घरबसल्या मोफत बोलता येते.