रुळाच्या पोलादाची सुरी: नागपूरच्या लोखंडामागचा इतिहास

रेल्वेच्या भंगारातून घडवलेल्या सुऱ्या, सत्तूर आणि चाकू हल्ली हौसेने घेतले जातात. विकणारा ‘रुळाचं पोलाद आहे’ म्हणतो आणि घेणाऱ्याला तेवढं पुरतं. पण रेल्वेत एकाच जातीचं लोखंड कधीच नव्हतं. आणि नागपूरच्या आसपास पाती घडू लागली ती तर आगगाडीच्या कितीतरी आधी.

पारशिवनी तालुक्यात पेंच नदीकाठी नायकुंड नावाचं गाव आहे. तिथल्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली, साधारण इसवी सनापूर्व सातव्या शतकातली. नागपूरलगतच्या माहुरझरीला आणि टाकळघाट-खापा इथे शिळावर्तुळांखालच्या दफनांतून लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या आणि खंजीर निघाले. काही खंजिरांच्या मुठी तांब्याच्या आहेत. कुऱ्हाडीचं पातं दांड्याला लोखंडी आडपट्ट्यांनी आवळण्याची पद्धत ही तर विदर्भाच्या महापाषाणयुगीन लोकांची ओळखच मानली जाते. इथली माती, इथला कोळसा, इथलंच पातं. पुढे एकोणिसाव्या शतकापर्यंत मंडला-बालाघाटच्या डोंगरांत आगरिया जमातीचे आणि चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यात लोहारा गावाच्या बाजूचे लोक मातीच्या भट्ट्यांत लोखंड गाळत होते.

१८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे भुसावळ-बडनेऱ्याहून नागपूरला पोहोचली. तिच्याबरोबर विलायती सळया आणि पत्रे स्वस्तात येऊ लागले. त्याच सुमारास, १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी कोळशासाठी झाडं तोडण्यावर बंधनं आली. ही दुहेरी चेपण गाळणाऱ्या भट्ट्यांना सोसली नाही. गावचा लोहार टिकला, कारण फाळ पाजवायला, वखराची पास घडवायला तो लागायचाच. पण आता त्याचं लोखंड बाजारातून येऊ लागलं. डोंगरातली खाण गेली आणि हळूहळू रेल्वेचं भंगार हीच त्याची खाण झाली. या सगळ्या हकिकतीत मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

इथे नागपूरच्या अजब बंगल्याचा, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयाचा, उल्लेख टाळता येत नाही. १९०३ च्या सुमारास दोराबजी टाटा आणि अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्ड चांदा जिल्ह्यात पोलाद कारखान्यासाठी खनिज शोधत होते. लोहाऱ्याचं खनिज चांगलं, पण जोडीला हवा तसा दगडी कोळसा नाही. शोध सोडत असल्याचं कळवायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. ज्यांना भेटायचं ते अधिकारी जागेवर नव्हते, म्हणून ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथे मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा लावलेला होता आणि दुर्ग जिल्ह्यात लोहखनिजाची खूण दिसत होती. प्रमथनाथ बोस यांनी भूगर्भ सर्वेक्षणासाठी काम करताना १८८७ मध्ये नोंदवलेले हे साठे. दल्ली-राजहराचे ते डोंगर दोराबजी आणि वेल्ड यांनी जाऊन पाहिले. टाटांचा कारखाना शेवटी साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, उभा राहिला, १९१२ मध्ये तिथे पोलाद निघालं. पण दल्ली-राजहराचं खनिज वाया गेलं नाही. सोव्हिएत सहकार्याने नागपूर-हावडा मार्गावर भिलाईचा कारखाना झाला, त्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली आणि १९६० पासून तिथे रूळ तयार होऊ लागले. भारतीय रेल्वेच्या रुळांचा मोठा वाटा तेव्हापासून भिलाईचाच.

आता पात्याकडे वळू. पोलादाला पाणी पाजता येतं, म्हणजे तापवून बुडवून कडक करता येतं, ते त्यातल्या कार्बनमुळे. कार्बन साधारण ०.३ टक्क्यांच्या खाली असेल तर लालभडक करून पाण्यात बुडवलं तरी धार टिकण्याइतकी कडक होत नाही. सुरुवातीचे रूळ घडीव लोखंडाचे होते, त्यांत कार्बन जवळपास नसायचाच. स्वस्तात भरपूर पोलाद करण्याची बेसेमरची पद्धत १८५६ ची, पोलादाचा पहिला रूळ इंग्लंडमध्ये डर्बीला १८५७ मध्ये टाकला गेला, आणि पोलादी रूळ सर्रास व्हायला आणखी दोनेक दशकं गेली. म्हणजे ‘जुना रूळ तेवढा भारी’ ही समजूत अगदी जुन्या रुळांना लागू होत नाही.

रुळाखालच्या लाकडी स्लीपरमध्ये ठोकायचा चौकोनी खिळा, डॉग स्पाईक, हा तर चाकूसाठी सगळ्यात गैरसमज झालेला तुकडा. अमेरिकेत खिळ्याला पीळ देऊन त्याचे चाकू करण्याची मोठी हौस आहे. तिथल्या काही खिळ्यांच्या डोक्यावर ‘एचसी’ अशी अक्षरं असतात, जास्त कार्बन या अर्थाची. तो ‘जास्त’ कार्बनही ०.३ टक्क्यांच्या आसपासच. खिळा लवचीक हवा, तडकता कामा नये, म्हणून तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. त्याचा चाकू दिसतो छान, भिंतीवर शोभतो. स्वयंपाकघरात मी तो कुणाला सुचवणार नाही.

सध्याच्या ५२ आणि ६० किलोच्या रुळात (हे वजन मीटरला) कार्बन ०.६० ते ०.८० टक्के असतो. पोलाद उत्तम, पण हाताच्या घणाला आवरणारं नाही. रुळाची मधली उभी पट्टीच दीड सेंटिमीटरहून जाड. शिवाय वर्षानुवर्षं चाकांखाली राहिलेल्या रुळाच्या माथ्यात बारीक भेगा असू शकतात, त्या पात्यात उतरतात. म्हणून रस्त्याकडेच्या भट्टीवर रुळाचा तुकडा दिसतो तो बहुधा ऐरण म्हणून, आणि त्या कामाला त्याच्याइतकं चोख दुसरं काही नाही.

हाताने घडवणाऱ्यासाठी खरा माल म्हणजे काँक्रीटच्या स्लीपरवर रूळ दाबून धरणारी वेटोळी क्लिप, जिला सगळे पँड्रोल म्हणतात. पेर पांडे-रॉल्फसेन या नॉर्वेजियन अभियंत्याची ही रचना. भारतात ती सिलिको-मँगनीज स्प्रिंग पोलादाची असते: कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर, दीड ते दोन टक्के सिलिकॉन, आणि सळईची जाडी २०.६४ मिलिमीटर. भट्टीत वेटोळं सरळ करायचं, ठोकून पट्टी काढायची. ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा कोयता करणाऱ्या लोहाराला हा माल ओळखीचा वाटतो, कारण दोन्ही एकाच गोत्रातले. पाणी पाजताना मात्र थंड पाण्यापेक्षा तेल बरं, नाहीतर पातं चिरतं. नंतर दोनशे-सव्वादोनशे अंशांवर पुन्हा शेकवलं की ठिसूळपणा जातो. कुऱ्हाड, कोयता, सत्तूर यांना हे पोलाद फार छान. अगदी पातळ, दीर्घकाळ धरणाऱ्या धारेसाठी त्यातला कार्बन थोडा कमी पडतो. कुठला तुकडा कशाचा हे न कळल्यास ग्राइंडरला लावून पाहतात: जास्त कार्बनची ठिणगी फुटून तिला फाटे फुटतात, मऊ लोखंडाची लांब, सरळ पळते.

आणि नेमकी हीच क्लिप चोरीला जाते, याचा मला मनापासून राग आहे. कीमॅन रोज पायी फिरून रूळ तपासतो, सैल झालेलं ठोकून बसवतो. सलग काही क्लिपा गायब झाल्या तर रूळ जागेवर धरायला काही उरत नाही, आणि वरून प्रवाशांनी भरलेली गाडी जाते. रेल्वे आपलं भंगार लिलावाने विकते, तिथून घेतलेल्या मालाला कागद असतो. रेल्वे मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्धचा १९६६ चा कायदा पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद सांगतो. माल रेल्वेचा आहे आणि चोरीचा असल्याचा वाजवी संशय आहे एवढं दाखवलं गेलं, की तो रीतसर मिळाल्याचं सिद्ध करणं बाळगणाऱ्यावर येतं. नागपूरच्या लोहाओळीतून, म्हणजे लोखंडाच्या बाजारातून, वा कुठल्याही भंगारवाल्याकडून किलोवर क्लिपा घेताना लिलावाच्या कागदाची नक्कल मागावी, आणि ती मिळत नसेल तर ट्रकच्या कमानीचा पाटा घ्यावा. पातं तितकंच चांगलं होतं.