एस.६बीला चाकं लावली म्हणून स्पिटफायर होत नाही

"एस.६बीचे फ्लोट (पाण्यावर तरंगायचे पोकळ पाय) काढले, चाकं आणि मशिनगन लावल्या की झालं स्पिटफायर", हे वाक्य इतक्या ठिकाणी इतक्या खात्रीने लिहिलेलं असतं की आता वैताग येतो. दोन्ही विमानं सुपरमरीन या ब्रिटिश कंपनीची, दोन्ही तिथल्या डिझायनर आर. जे. मिचेलची, दोन्हीत रोल्स-रॉइसचं व्ही-१२ (बारा सिलिंडरचं) इंजिन, एवढं खरं आहे. पुढचं नाही.

स्पिटफायर, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, सगळ्यांना माहितीये, ५ मार्च १९३६ ला पहिल्यांदा उडालं, बास. एस.६बी हे श्नायडर ट्रॉफी या सीप्लेनच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीसाठी बनवलेलं रेसिंग सीप्लेन, म्हणजे पाण्यावरून उडणारं विमान. पाच वर्षांत तीनदा जिंकलं की ट्रॉफी कायमची आपली असा नियम होता, ब्रिटन १९२७ ला एस.५ वर आणि १९२९ ला एस.६ वर जिंकलं होतं, पण १९३१ ला सरकारने पैसे द्यायला नकार दिला, मग लेडी ह्यूस्टन या श्रीमंत बाईंनी १ लाख पौंड दिले. नवं डिझाइन करायला वेळच उरला नव्हता म्हणून एस.६ च सुधारून घेतलं. इटली आणि फ्रान्स आलेच नाहीत, वैमानिक बूथमनने एकट्याने ताशी साधारण ५४७ किमीने शर्यत पूर्ण केली, आणि त्याच महिन्यात दुसरा वैमानिक स्टेनफोर्थ याने एस.६बीवरच ताशी ६५५ किमीचा वेगाचा विक्रम केला.

आता मुख्य मुद्दा, पंख. एस.६बीचा पंख सरळ, पातळ आणि बाहेरून तारांनी ताणून धरलेला. १९२५ च्या एस.४ ला तारा नव्हत्या, ते बाल्टिमोरला कोसळलं, तेव्हापासून मिचेलने रेसर्सना तारा ठेवल्या. आणि या पंखाचा पत्रा हाच रेडिएटर, दुहेरी पत्र्याच्या मधून इंजिनचं गरम पाणी फिरायचं, तेवढंही पुरेना म्हणून फ्लोटवरही रेडिएटर, पेट्रोलही फ्लोटमध्येच. म्हणजे फ्लोट काढले तर पेट्रोलची टाकी गेली आणि कूलिंगचा एक भाग गेला, आणि लोक म्हणतात "फक्त फ्लोट काढले"! शिवाय अशा पंखात एक गोळी घुसली की पाणी वाहून जाणार, लढाऊ विमानाला हे चालतच नाही. स्पिटफायरचा पंख लंबवर्तुळाकार, बाहेर एकही तार नाही, आत आठ मशिनगन आणि दुमडणारी चाकं, रेडिएटर वेगळा, पंखाखाली. एवढं सगळं पोटात घेऊनही तो पातळ राहिला, माझ्या मते मिचेलच्या टीमचं सगळ्यात मोठं काम हेच.

आणि या दोघांच्या मधलं सुपरमरीनचं फायटर टाइप २२४ तर कुणी सांगतच नाही! १९३४ ला उडालेलं, वाकडे पंख, न दुमडणारी चाकं, वाफेवरचं कूलिंग सतत गडबडायचं. श्नायडर जिंकलेल्याच टीमचं फायटर, तरी फसलं. रेसरपासून फायटरपर्यंत सरळ रस्ता असता तर हे झालंच नसतं. रेसर्समधून टीमला मिळाला तो जास्त वेगाचा आणि धातूच्या बांधणीचा अनुभव, आणि तो लाखमोलाचा होता, पण अनुभव म्हणजे डिझाइन नव्हे.

इंजिनचं थोडक्यात: एस.६बीचं 'आर' साधारण ३७ लिटरचं, २,३०० हॉर्सपॉवरच्या वर, खास पेट्रोलवर चालणारं आणि काही तासांपुरतंच. स्पिटफायरचं मर्लिन २७ लिटरचं, वेगळं इंजिन, त्यामुळे "आरचं मर्लिन झालं" हेही लिहू नका. नातं दाखवायचंच असेल तर नंतरच्या, रोल्स-रॉइसचं ग्रिफन इंजिन लावलेल्या स्पिटफायरचं दाखवा, कारण आर आणि ग्रिफनचा बोअर-स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनच्या फेरीची लांबी) खरंच एकच आहे.