फार शांत बाळ

नाशिकचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकला की चार दिवसांच्या बाळाला ताप आला म्हणून घरचे दवाखाना गाठतात. बाळ नुसतं अंगावर पिणारं. कातडी पिवळी, लंगोट जवळजवळ कोरडा, त्यावर विटकरी डाग. आजी मात्र कौतुकानं सांगते, "फार शांत आहे हो, रडतच नाही." पोटात दूध न गेल्यानं ते गळून गेलेलं असतं.

हे असं का घडतं, ते कळायला थोडं मागे जावं लागतं. आपल्याकडे चिकाचं दूध पिळून टाकत आणि बाळाला मध, साखरपाणी, गुटी चाटवत. पुढे पावडरचे डबे आले. त्यांच्या जाहिरात-विक्रीला आळा घालायला १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची संहिता झाली, १९९२ मध्ये भारतानं कायदा केला. ती लढाई योग्यच होती. वरच्या दुधाच्या जुलाबांनी फार बाळं गेली होती. पण 'वरचं काही देऊ नका' हे जितकं मनावर ठसलं, तितकं 'दूध पोटात जातंय का ते बघा' हे ठसलं नाही. खरं तर जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं रुग्णालयांसाठी घालून दिलेल्या स्तनपानाच्या मूळ दहा सूत्रांतच वैद्यकीय गरजेचा अपवाद नोंदवलेला आहे.

चिकाच्या दुधात सोडियम, म्हणजे मिठातला क्षार, जास्त असतं आणि बाळ नीट ओढू लागलं की ते उतरतं. ओढणंच कमी पडलं तर दूध थोडं येतं आणि खारटही राहतं. बाळाच्या रक्तात सोडियम चढतं, पेशींतलं पाणी रक्ताकडे खेचलं जातं. त्यामुळे बाळ वरून फारसं सुकलेलं दिसत नाही, आणि हीच यातली सगळ्यात फसवी बाब. घाबरून घरी पाणी पाजणं धोक्याचं. रुग्णालयातही सोडियम सावकाश उतरवतात, नाहीतर मेंदूला सूज येते.

पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतंच. पण ही घट जन्मवजनाच्या दहा टक्क्यांच्या वर गेली तर दवाखान्यात न्यायला थांबू नये. पण ते मोजणार कोण? सिझेरियननंतर दूध उतरायला अनेकदा वेळ लागतो, आणि नॉर्मल बाळंतीण तर दूध भरायच्या आतच घरी येते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवलं. त्यातूनच २०११ मध्ये देशभर आशाताईंच्या गृहभेटी सुरू झाल्या: तिसरा, सातवा, चौदावा दिवस, पुढे बेचाळिसाव्यापर्यंत. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यावर म्हणूनच वजनकाटा घेऊन कुणी तरी दारात येतं. नाशिक शहरातल्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या दिवशी कुणी येईलच असं नाही. तिथे लंगोट घरच्यांनीच मोजायचे. पाचव्या दिवसानंतर दिवसाला किमान सहा ओले व्हायला हवेत.