गोचीडजन्य रोगांच्या निदान व उपचारांचे प्रशिक्षण
गोचिडाच्या चाव्यातून माणसाला जडणारे रोग वेळीच ओळखून त्यांवर योग्य उपचार करता यावेत, यासाठी डॉक्टर, परिचारिका व अन्य आरोग्यकर्मींना दिले जाणारे शिक्षण. लाइम रोग, ठिपकेदार ताप आणि ॲनाप्लाझ्मोसिस हे जिवाणूंमुळे होतात. क्यासनूर वनरोग आणि क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप विषाणूंमुळे, तर बॅबेसिओसिस आदिजीवांमुळे (एकपेशीय परजीवींमुळे).

या रोगांतील बहुतेकांची सुरुवात ताप, डोकेदुखी व अंगदुखीने होते आणि रुग्ण साध्या विषाणूजन्य तापाचा समजून घरी पाठवला जातो. गोचिडाचा चावा सहसा दुखत नाही. त्याची अर्धवाढ झालेली पिल्ले खसखशीच्या दाण्याएवढीच असतात. त्यामुळे ‘गोचीड चावला का?’ एवढाच प्रश्न पुरत नाही. गेल्या काही आठवड्यांत रुग्ण रानात किंवा उंच गवतात गेला होता का, गुराढोरांशी वा कुत्र्यांशी संबंध आला का, हे विचारण्याची सवय लावणे हा प्रशिक्षणाचा गाभा आहे.

रॉकी माउंटन ठिपकेदार तापात विलंब जिवावर बेततो. हा रोग गोचिडांमार्फत पसरतो, हे अमेरिकी रोगवैज्ञानिक हॉवर्ड रिकेट्स यांनी 1906 मध्ये दाखवले. पुरळ बहुधा ताप आल्यावर दोन ते चार दिवसांनी, मनगटे व घोट्यांपासून उठू लागते. काहींना ते उठतच नाही. पहिल्या आठवड्यात अँटीबॉडी चाचणी बहुतेकदा नकारार्थी येते. म्हणून अहवालाची वाट न पाहता केवळ संशयावरून डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू करावे लागते, आणि तेही शक्यतो आजाराच्या पहिल्या पाच दिवसांत. दात पिवळे पडतील या भीतीने लहान मुलांना हे औषध नाकारले जाते. ही भीती जुन्या टेट्रासायक्लिन औषधांच्या अनुभवातून आली आहे. डॉक्सिसायक्लिनच्या अल्प मुदतीच्या उपचारात तिला आधार सापडलेला नाही. एवढा एक गैरसमज दूर झाला तरी प्रशिक्षणाचे मोल वसूल होते.

लाइम रोगात शिकवण थोडी वेगळी असते. चाव्याभोवती पसरत जाणारा लाल चट्टा दिसला आणि रुग्ण रोगप्रवण भागातून आलेला असला, की निदानाला रक्ततपासणी लागत नाही. पाठ्यपुस्तकांतील छायाचित्रे बहुतांशी गोऱ्या त्वचेची असल्याने सावळ्या त्वचेवरील चट्टा नजरेतून सुटतो. तो मुद्दाम दाखवायला हवा. उलट बाजूही शिकवावी लागते : नेमका पुरावा नसताना महिनोन्‌महिने प्रतिजैविके देण्याने लाभ होत नाही, अपाय मात्र होऊ शकतो.

विषाणूजन्य रोगांवर डॉक्सिसायक्लिन चालत नाही. क्यासनूर वनरोग 1957 मध्ये कर्नाटकात माकडांच्या मृत्यूंमुळे उजेडात आला. माकडांच्या मृत्यूंची अशी सूचना वेळेवर दवाखान्यापर्यंत पोहोचावी म्हणून वनकर्मचारी व पशुवैद्यकांनाही प्रशिक्षणात सामावून घेणे शहाणपणाचे ठरते. क्रिमियन-काँगो तापाचा संसर्ग रुग्णाच्या रक्तातून थेट आरोग्यकर्मींना होतो. संशय येताच विलगीकरण व संरक्षक पोशाख हाच पहिला धडा.

प्रात्यक्षिकात गोचीड काढणेही शिकवतात. बारीक टोकाच्या चिमट्याने तो त्वचेलगत धरून सरळ वर ओढायचा. रॉकेल, तेल वा चटका देणे टाळायचे. गोचीडजन्य पक्षाघातात (गोचिडाच्या लाळेतील विषामुळे येणाऱ्या लुळेपणात) तर पायांपासून वर चढत जाणारा अशक्तपणा बहुधा गोचीड काढल्यावरच ओसरू लागतो. त्यामुळे अशा रुग्णाची टाळू, केस आणि कानांमागची जागा बोटांनी चाचपून पाहण्याचा सराव करून घेतला जातो.