दुहेरी कथनाची सहल

राजकीय मतभेदांनी दुभंगलेल्या शहरात किंवा प्रदेशात परस्परविरोधी मतांच्या, म्हणजे उदाहरणार्थ एक उदारमतवादी आणि एक परंपरावादी अशा, दोन वाटाड्यांबरोबर केलेली सहल. जागा एकच, घटनाही एकच. सांगणारे दोघे, आणि दोघांचेही त्या जागेशी नाते. मराठीत या प्रकाराला अजून पक्के नाव नाही. ‘दोन गाइडची टूर’ असेच बोलताना म्हटले जाते आणि तेवढ्याने काम भागते.

या सहलींचा उगम उदारमतवादी–परंपरावादी वादात नाही, रक्तपात झालेल्या शहरांत आहे. बेलफास्टमध्ये कॅथलिक वस्तीचा फॉल्स रोड आणि प्रोटेस्टंट वस्तीचा शँकिल रोड यांच्यामध्ये १९६९ पासून भिंती उभ्या राहिल्या. १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर तुरुंगातून सुटलेले दोन्हीकडचे जुने लढवय्ये पर्यटकांना आपापली वस्ती दाखवू लागले. एक जण आपल्या रस्त्याने भिंतीपर्यंत आणून सोडतो, दुसरा तिथून ताबा घेतो. हेब्रोनमध्ये तर इमारतच वाटलेली आहे. अब्राहमाचे दफनस्थान मानली जाणारी ती वास्तू ज्यू आणि मुस्लिम दोघांनाही पवित्र. १९९४ च्या हत्याकांडानंतर तिचे दोन भाग झाले आणि दारेही दोन झाली. इस्रायली आणि पॅलेस्टिनी वाटाड्यांना एकाच गटाबरोबर पाठवणारी मेजदी ही कंपनी अझीझ अबू साराह आणि स्कॉट कूपर यांनी २००९ मध्ये काढली, आणि या पद्धतीला धंद्याचे रूप आले.

अमेरिकेत या पद्धतीचा विषय बदलतो. तिथे वाटाड्यांपैकी एक उदारमतवादी आणि दुसरा परंपरावादी असतो. वाद बंदुका, स्थलांतर, गर्भपात, पुतळे यांवरचा. अशा सहलीला अलाबामातल्या माँटगोमेरीसारखी जागा शोधून सापडणार नाही. राज्याच्या विधानभवनाच्या पायऱ्यांवर १८६१ मध्ये जेफर्सन डेव्हिसने गुलामगिरीवादी राज्यांच्या संघाच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली. तिथून हाकेच्या अंतरावरच्या चर्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग धर्मोपदेशक होते, आणि सेल्माहून निघालेला मतदानहक्काचा मोर्चा २५ मार्च १९६५ ला त्याच पायऱ्यांपाशी येऊन थांबला. अमेरिकी नकाशावर लाल म्हणजे परंपरावादी आणि निळा म्हणजे उदारमतवादी, हा संकेत २००० च्या निवडणुकीपासून पक्का झाला. परळ-लालबागमध्ये वाढलेल्याला हे समजायला थोडा वेळ लागतो. त्याच्या लेखी लाल म्हणजे लाल बावटा, आणि निळा म्हणजे सहा डिसेंबरचे दादर.

पद्धत सोपी वाटते, पण पथ्ये बरीच आहेत. दोघांनी तारखा, माणसे आणि आकडे आधी ठरवून घ्यायचे. अर्थ मात्र ज्याने त्याने आपला सांगायचा. एक बोलत असताना दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचे नाही. गट लहान हवा, कारण चाळीस जणांच्या बसमध्ये प्रश्न विचारले जात नाहीत, फोटो काढले जातात. बेलफास्टसारखे अर्ध्या वाटेवर वाटाड्या बदलणे सोपे असते, पण त्यात दोघे एकमेकांचे ऐकत नाहीत. दोघांनी एकाच ठिकाणी उभे राहणे अवघड, आणि पाहण्यासारखे काही घडते ते तिथेच.

मुंबईत ही पद्धत लावायची तर पहिली अडचण शब्दांची. ‘उदारमतवादी’ हा शब्द इथे रानडे-गोखल्यांच्या काळापासून आहे, पण त्याच्यासमोर उभा राहणारा शब्द दर पिढीत बदलत आला: सनातनी, जहाल, प्रतिगामी, उजवा. दुसरी अडचण मोठी आहे. मुंबईत माणसाची बाजू थांब्यागणिक बदलते. गिरगावात जो परंपरावादी ठरतो तो हायकोर्टात जहाल असतो, आणि लालबागेत त्याच्यासाठी गिरणी कामगारांनी संप केलेला असतो.

हे गिरगावातच नीट दिसते. ‘प्रार्थना समाज’ हे आज बसथांब्याचे आणि नाक्याचे नाव आहे. कंडक्टर ते पुकारतो तेव्हा उतरणाऱ्यांतल्या कितींना १८६७ आठवत असेल? त्या वर्षी आत्माराम पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा समाज स्थापन केला. रानडे-भांडारकर पुढे आले. मूर्तिपूजा नको, जातिभेद नको, विधवाविवाह हवा. इथून चालत जाण्याच्या अंतरावर केशवजी नाईकांच्या चाळी, जिथे १८९३ मध्ये मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव झाला. एक वाटाड्या म्हणेल, घरातला देव रस्त्यावर आणून टिळकांनी सामान्य माणसाला राजकारणात आणले. दुसरा आठवण करून देईल की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली होती, आणि उत्सवाच्या मागे मोहरमच्या मिरवणुकांशी स्पर्धाही होती. दोघांचेही खरे आहे. चाळीत आजही माणसे राहतात, गॅलरीत कपडे वाळत असतात, आणि खाली उभा राहिलेला गट कोणाच्या तरी येण्याजाण्याच्या वाटेत असतो. वाटाड्याने आवाज चढवण्याआधी हे ध्यानात ठेवलेले बरे.

रखमाबाईंचा खटला याच वादाचा. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. दादाजी भिकाजींनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. न्या. पिन्ही यांनी १८८५ मध्ये निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. १८८७ मध्ये फेरसुनावणीत न्या. फॅरन यांनी नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे सांगितले. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली, त्या इंग्लंडला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. टिळकांचा ‘केसरी’ त्यांच्या विरोधात होता. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा केले, तेव्हाही टिळकांचा मुद्दा हाच होता की परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये. आज ऐकणाऱ्याला हा मुद्दा पटणे कठीण जाते. चांगला वाटाड्या तो जसाच्या तसा मांडतो, चेष्टा करत नाही आणि सारवासारवही करत नाही.

आता फोर्टात त्याच उच्च न्यायालयाच्या इमारतीसमोर उभे राहायचे. १९०८ मध्ये इथे टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. जामिनासाठी उभे राहिले बॅरिस्टर जिना. न्यायाधीश होते दिनशा दावर, ज्यांनी १८९७ मध्ये वकील म्हणून टिळकांना जामीन मिळवून दिला होता. या वेळी जामीन नाकारला गेला आणि शिक्षा झाली सहा वर्षांची. गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. संमतिवयाच्या वेळचा परंपरावादी इथे मुंबईच्या कामगारांचा पुढारी झालेला असतो, आणि सकाळी सुधारकांची बाजू घेतलेला वाटाड्या गोंधळतो.

हुतात्मा चौकात गोंधळ निराळा आहे. १८६४ चे फ्लोरा फाउंटन आणि त्याच्या शेजारी मशाल धरलेले शेतकरी-कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ ला विधिमंडळाकडे निघालेल्या मोर्चावर इथे गोळीबार झाला. पंधरा जण गेले. मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाल्यावर पुन्हा गोळ्या चालल्या. अखेर १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. दुसरी बाजूही होती. पुरुषोत्तमदास ठाकूरदास प्रभृतींच्या मुंबई नागरिक समितीचे म्हणणे असे की हे शहर सगळ्या प्रांतांच्या भांडवलावर उभे राहिले, मराठी भाषक इथे निम्म्याहून कमी, तेव्हा मुंबई वेगळी ठेवा. ही बाजू आज मुंबईत उघडपणे मांडायला कोणी उभे राहत नाही. इथे दुसऱ्या वाटाड्याला स्वतःचे मत बाजूला ठेवून त्या काळची कागदपत्रे वाचून दाखवावी लागतात. तारखा-आकडे आधी ठरवून घ्यावेत हे पथ्यही याच चौकात मोडते: हुतात्मे १०५, १०६ की १०७, हे ज्या त्या लेखात, ज्या त्या भाषणात वेगळे येते. आणि बसने उतरणारा अजूनही तिकीट मागतो ते ‘फाउंटन’चे.

संयुक्त महाराष्ट्राच्या व्यासपीठावर कॉम्रेड डांगे आणि प्रबोधनकार ठाकरे एकत्र होते. दहा वर्षांनी लालबाग-परळमध्ये त्यांचे वारसदार एकमेकांच्या जिवावर उठले होते. गिरणी कामगार युनियन १९२८ ची. शिवसेना १९ जून १९६६ ची. ५ जून १९७० च्या रात्री लालबागमध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई हरल्या आणि वामनराव महाडिक सेनेचे पहिले आमदार झाले. एका बाजूला हा गिरणगावातल्या डाव्या चळवळीचा खून, दुसऱ्या बाजूला मराठी पोराला हक्काची संघटना मिळाल्याची सुरुवात. यापेक्षा खोल मतभेद या शहरात क्वचितच असेल.

पण चार पावले पुढे, बंद गिरणीच्या चिमणीखाली, हेच दोघे एका सुरात बोलू लागतात. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या कलम ५८ ने गिरण्यांची जमीन मालक, पालिका आणि म्हाडा यांच्यात वाटून देण्याची तरतूद केली. २००१ मध्ये नियम बदलला; मोकळ्या जमिनीचाच हिस्सा द्यायचा ठरला, आणि वाट्याला येणारी जागा आक्रसली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो बदल कायम ठेवला. कामगाराला घर मिळाले पाहिजे, यावर लाल बावटा आणि भगवा दोघेही सहमत. त्यांच्याविरुद्ध उभा असतो तो जमीन बाजारभावाने खुली करा म्हणणारा, म्हणजे अर्थशास्त्राच्या भाषेत खरा उदारमतवादी. अमेरिकी साचा इथे फुटतो तो कायमचा.

१९९२-९३ च्या दंगलींचा थांबा बहुतेक वाटाडे टाळतील, आणि वस्त्यांतून गट फिरवण्यापेक्षा टाळलेलाच बरा. ज्यांचे नातेवाईक गेले त्यांच्या दारावरून तिकीट काढून जाण्यात औचित्य नाही. पण वाद मांडता येतो तो या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या निमित्ताने. आयोग जानेवारी १९९३ मध्ये नेमला, जानेवारी १९९६ मध्ये गुंडाळला आणि त्याच वर्षी मे महिन्यात पुन्हा उभा केला. तेव्हा १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोटही त्याच्या कक्षेत घातले. दंगलीत ९०० माणसे मेली, स्फोटांत २५७. गोष्ट कुठून सुरू करायची आणि कुठे थांबवायची, हाच सगळा वाद, आणि तो आयोगाच्या कार्यकक्षेतच लिहिलेला आहे.

या सहलींवरचा नेहमीचा आक्षेप असा की दोन माणसे समोरासमोर उभी केली की दोन्ही बाजू सारख्याच वजनाच्या भासतात. रखमाबाईंच्या बाबतीत तो रास्त आहे. दुसरा आक्षेप दोन या आकड्यावरच. शिवाजी पार्कच्या आसपास अर्ध्या तासाच्या चालीत चैत्यभूमी, सावरकर स्मारक आणि सेनाभवन ही तिन्ही लागतात. सेनेने ३० ऑक्टोबर १९६६ ला पहिला मेळावा ज्या मैदानावर घेतला, तिथला दसरा मेळावा २०२२ मध्ये एका सेनेचा झाला आणि दुसऱ्या सेनेचा बीकेसीत. या एका मैदानासाठी किमान चार वाटाडे लागतील, आणि कट्ट्यावर बसलेले आजोबा पाचवे.